आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे, ही भूमिका १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने मांडली. भारतात २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला प्रशासकीय चौकट दिली. त्याअंतर्गत महाराष्ट्रात २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीस प्रारंभ झाला. राज्यस्तरीय समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे, तर धाराशिवमध्ये ही जबाबदारी अणदूर (ता. तुळजापूर) येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनकडे होती. या प्रक्रियेने लोकांना आवाज दिला. परंतु त्या आवाजास उत्तर देण्याचे बंधन कोणावर घातले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रक्रियेचे स्वरूप व बलस्थाने :

गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका व जिल्हा अशा चढत्या स्तरांवर देखरेख समित्यांची रचना करण्यात आली. गावकऱ्यांशी चर्चा करून प्रत्येक सेवेस हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देणारे प्रगतिपत्रक तयार होई. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीसही ते वाचता येई, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. पुढे जनसुनवाईत लोक आपले अनुभव अधिकाऱ्यांसमोर मांडत. आरोग्यसेवा हा उपकार नसून हक्क आहे, ही जाणीव यातून रुजली. कर्मचाऱ्यांची उपस्थिती, रुग्णांशी वर्तन, बेकायदा पैशांची मागणी यांसारखे प्रश्न स्थानिक पातळीवर सुटण्याजोगे होते आणि तेथे या दबावाचा उपयोग होता.

निर्णयाचे स्थान :

मर्यादा दिसते ती याच्या पुढे. जनसुनवाईत समोर बसलेला वैद्यकीय अधिकारी कर्मचाऱ्यास समज देऊ शकतो. मात्र तज्ज्ञ डॉक्टरचे रिक्त पद भरणे त्याच्या हाती नसते. औषधांच्या बाबतीतही हेच आढळते. राज्याची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली व २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. हे निर्णय मुंबईत होतात आणि लाल रंग मात्र गावच्या केंद्रास मिळतो. परिणामी, ज्याच्याकडे अधिकार नाही त्यालाच जाब द्यावा लागतो. शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत सल्लामसलत ही मधली पायरी असून सत्तेतील वाटा तिच्या वर येतो. त्या निकषावर ही प्रक्रिया सल्लामसलतीच्या पुढे गेली, पण निर्णयातील वाट्यापर्यंत पोहोचली नाही.

अनुपस्थितांचा आवाज :

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा असून येथील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. देखरेखीची सारी रचना मात्र गावातील वास्तव्यावर आधारलेली आहे. कोयता घेऊन गेलेली गर्भवती स्त्री त्या काळात आपल्या गावच्या चर्चेत नसते आणि कारखान्याच्या परिसरातील गावाच्या समितीतही तिला स्थान नसते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यातील खासगी रुग्णालये तर सरकारी सेवांवर केंद्रित असलेल्या या देखरेखीच्या कक्षेबाहेरच राहतात. ज्यांची गरज सर्वाधिक, त्यांचाच आवाज अशा रीतीने नोंदीतून निसटतो.

निष्कर्ष :

लोकाधारित देखरेखीचे मूल्य नाकारता येत नाही. तिची चौकट मात्र विस्तारली पाहिजे. प्रत्येक तक्रारीवर निर्णयाचा अधिकार असलेल्या स्तराने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे. देखरेखीच्या चर्चा स्थलांतरापूर्वी व परतल्यानंतर अशा दोनदा व्हाव्यात, तसेच साखर कारखाना परिसरातील आरोग्य केंद्रांच्या समित्यांत ऊसतोड मजुरांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रतिनिधी असावेत. उत्तर देण्याचे बंधन नसेल, तर जनसुनवाईत मांडलेला अनुभव इतिवृत्तातील एक नोंद होऊन राहतो.