उसनवारी की रूपांतर? : मॉर्मन मंदिरविधी आणि फ्रीमेसनरी

धर्मविधींच्या अभ्यासात उगमाचा प्रश्न बहुधा अन्य प्रश्नांना मागे सारतो. मॉर्मन पंथाच्या मंदिरविधीविषयीची चर्चाही दीर्घकाळ याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिली आहे. त्यास सबळ कारण आहे. पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील नॉवू येथे १५ व १६ मार्च १८४२ रोजी फ्रीमेसनांच्या तिन्ही पायऱ्यांची दीक्षा घेतली; ४ मे रोजी स्वतःच्या दुकानाच्या माडीवर नऊ पुरुषांना ‘एंडाउमेंट’ हा विधी प्रथम दिला. मध्ये अवघे सात आठवडे. गुण्या व कंपास ही गवंड्यांची चिन्हे, हस्तसंकेत, विशिष्ट हस्तांदोलने, एप्रन, गुप्ततेच्या शपथा यांतील साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे.

दोन्ही परंपरा सॉलोमनच्या मंदिरातील प्राचीन विधीतून आल्या, असे उत्तर श्रद्धाळू पक्ष देत आला. स्मिथ यांचे सहकारी हीबर किंबल यांनी जून १८४२ मधील पत्रात याच धर्तीचे मत मांडले होते. परंतु फ्रीमेसनरीचे विधी सतराव्या-अठराव्या शतकांत ब्रिटनमध्ये आकारास आले. सॉलोमनशी त्यांचे नाते आख्यायिकेपुरतेच आहे. हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

तथापि ‘नक्कल’ म्हणून मोकळे होणारे टीकाकारही विधीची केवळ परिभाषा वाचतात, संहिता वाचत नाहीत. मेसनांच्या तिसऱ्या दीक्षेचे कथानक हायरम या कारागिराच्या हत्येचे आहे. एंडाउमेंटचे कथानक सृष्टीची उत्पत्ती, आदम-ईव्ह यांचे पतन आणि ईश्वरसान्निध्यात पुनरागमन असे आहे. लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. एम्मा स्मिथ यांच्यासह स्त्रियांना १८४३ मध्ये एंडाउमेंट मिळाले. १८७७ पासून सेंट जॉर्ज येथील मंदिरात मृतांच्या वतीनेही तो विधी होऊ लागला. बंधुसंघाचा साचा येथे कुटुंबाच्या, पूर्वजांसहित, मुक्तीसाठी वापरला गेला. हे रूपांतर लहान नव्हे.

याचा अर्थ साचा निरुपद्रवी होता असा नव्हे. नॉवू येथे बहुपत्नीविवाह गुप्तपणे होत होते आणि त्यांची माहिती असलेले अनेकजण याच दीक्षितांच्या वर्तुळात होते. लॉजमधून आलेली मौनाची शिस्त तेथे केवळ पावित्र्यरक्षणापुरती राहिली नसावी. स्त्रियांच्या प्रवेशाचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिक ठरणार नाही.

१९९० मध्ये चर्चने गुप्तताभंगाच्या शिक्षा सूचित करणारे हावभाव विधीतून वगळले. हा भाग मेसनांच्या विधीशी सर्वाधिक जुळणारा होता. तो गेल्यानेही विधी मोडला नाही. आपल्या विधीत काय अनिवार्य आणि काय नाही, याचा निवाडा येथे संस्थेनेच केलेला दिसतो. गुण्या व कंपास यांच्या खुणा मात्र दीक्षितांच्या मंदिरवस्त्रावर आजही आहेत.