सारखे दिसते, म्हणून नक्कल?

चिनी लष्करी ड्रोनचे छायाचित्र छापून आले की त्याखालची ओळ बहुधा ठरलेली असते : अमेरिकेच्या प्रिडेटरची किंवा रीपरची नक्कल. पुरावा म्हणून दोन्ही विमानांची चित्रे शेजारीशेजारी दिलेली असतात. नाकाशी फुगवटा, लांब निमुळते पंख, मागे बसवलेला प्रोपेलर, इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी. वाचकाने पाहायचे आणि मान डोलवायची. निष्कर्ष बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न. पण तिथे पोचण्याची ही रीत सदोष आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी ती जरा उलगडून पाहावी.

प्रिडेटर प्रथम उडाला १९९४ मध्ये. त्याच्याकडून अपेक्षा होती ती वेगाची नव्हे, तर एकाच भागावर दिवसभर घिरट्या घालत राहण्याची. आणि तीही शंभरएक अश्वशक्तीच्या इंजिनावर. एवढे सांगितले की आकार जवळजवळ ठरूनच जातो. कमी शक्तीत बराच वेळ तरंगायचे तर हवेचा रोध कमी हवा. पंखांच्या टोकांशी निर्माण होणाऱ्या भोवऱ्यांमुळे होणारा रोध पंख लांब व अरुंद केल्याने घटतो; अल्बाट्रॉस पक्षी आणि ग्लायडर यांचे पंख म्हणूनच तसे असतात. उपग्रहाशी संपर्क ठेवणारी तबकडी हवी त्या दिशेला वळवता यावी म्हणून नाकाशी घुमट लागतो. नाक तबकडीने आणि कॅमेऱ्याने अडवले की इंजिन व प्रोपेलर मागेच जातात. हाच प्रश्न चेंगडूच्या अभियंत्यांना घातला तर उत्तर फार वेगळे कसे येणार?

त्यांचे उत्तर म्हणजे २००७ मध्ये उडालेला विंग लूंग. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार त्याचे कमाल वजन ११०० किलो, तर प्रिडेटरचे १०२०. पंखविस्तार १४ मीटर, तर प्रिडेटरचा १४.८. एक गोष्ट मात्र चित्रे शेजारी छापणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. विंग लूंगची शेपटी वर उघडलेल्या व्ही सारखी आहे, प्रिडेटरची मात्र खाली झुकलेली, उलट्या व्ही सारखी.

विंग लूंग या चिनी नावाचा अर्थ टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला उडणारा सरीसृप. टेरोसॉर, पक्षी आणि वटवाघूळ यांच्यात पंख स्वतंत्रपणे तीनदा उत्क्रांत झाले. टेरोसॉरचा पंख एका लांबलेल्या बोटावर ताणलेला, वटवाघळाचा अनेक बोटांवर, पक्ष्याचा पिसांचा. बाहेरून तिन्ही पंखच; नाते ठरते ते आतल्या हाडांवरून. आपण हे नववी-दहावीत शिकवतो आणि वर्तमानपत्र उघडले की विसरतो.

मग नक्कल ओळखायची कशी? ते शिक्षकांना कोणी सांगायला नको. दोन उत्तरपत्रिकांत सारखी बरोबर उत्तरे असली तर कोणी संशय घेत नाही. सारखीच विचित्र चूक सापडली की आपण दोघांनाही बोलावून घेतो. भौतिकीच्या नियमांनी जे लादले आहे ते सारखे असणे हा पुरावा नव्हे. जे लादलेले नव्हते, वेगळे असूही शकले असते, ते सारखे निघाले तर तो पुरावा.

अशी खरी नक्कल चीनच्या इतिहासात आहे, आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही याचे मला आश्चर्य वाटते. १५ नोव्हेंबर १९६४ रोजी चीनने अमेरिकेचे एक मानवरहित हेरगिरी करणारे जेट विमान पाडले. ते रायन कंपनीच्या फायरबीवरून बनवलेले होते. पुढेही अशी बरीच पाडली गेली आणि त्यांचे अवशेष बीजिंगमध्ये लोकांना दाखवण्यात आले. १९६९ पासून बीजिंगच्या विमानविद्या संस्थेने त्या अवशेषांवरून स्वतःचे विमान घडवायला घेतले. तेच डब्ल्यूझेड-५. यात इंजिनाचीही नक्कल होती. नमुना हातात असूनही ते सैन्यात दाखल व्हायला १९८० साल उजाडले. नक्कल म्हणजे झेरॉक्स नव्हे. धातूची जाडी मोजता येते, पण तो धातू कसा तापवला आणि कसा थंड केला हे मोजपट्टी सांगत नाही.

गंमत अशी की डब्ल्यूझेड-५ ला पंखाखाली लटकवून वर नेणारे टीयू-४ हे सोव्हिएत विमान स्वतःच अमेरिकी बी-२९ ची नक्कल होते. १९४४ मध्ये सोव्हिएत भूमीवर उतरलेल्या बी-२९ विमानांचे सुटे भाग करून ते बनवले होते. एका नकलेच्या पंखाखाली दुसरी नक्कल!

आता रीपरकडे वळू. सीएच-४ या चिनी ड्रोनचे छायाचित्र रीपरशेजारी ठेवले तर जाणकारही क्षणभर थबकतो. रीपरच्या शेपटीखाली एक उभा पडदा आहे, तो सीएच-४ ला नाही. नजरेला येणारा फरक जवळजवळ एवढाच. पण छायाचित्रात मोजपट्टी नसते. रीपरचा पंखविस्तार २० मीटर, लांबी ११ मीटर. सीएच-४ चा पंखविस्तार १८ आणि लांबी ८.५. पंखविस्ताराला लांबीने भागले तर रीपरसाठी १.८ येतात, सीएच-४ साठी २.१. वरून घेतलेल्या चित्रावर साध्या पट्टीनेही हे गुणोत्तर काढता येते. उपग्रहाच्या चांगल्या व्यापारी छायाचित्रात एक ठिपका सुमारे ३० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे १८ आणि २० मीटरमधला फरक सहा-सात ठिपक्यांचा. तो डोळ्याला दिसला नाही तरी मोजता येतो.

वजनाचे गणित तर याहून बोलके आहे. रीपरचे कमाल वजन ४७६० किलो. त्याचीच ०.९ पट लहान प्रतिकृती केली तर वजन ०.९ च्या घनाच्या प्रमाणात घटेल आणि ३४७० किलोच्या आसपास येईल. लांबीच्या प्रमाणाने हिशेब केला तरी सुमारे २२०० किलो. सीएच-४ चे प्रसिद्ध वजन आहे १३३० किलो! रीपरचे टर्बोप्रॉप इंजिन ९०० अश्वशक्तीचे. सीएच-४ पिस्टन इंजिनावर उडतो. म्हणजे चेहरा रीपरचा आणि ताकद प्रिडेटरच्या वर्गातली. ‘रीपरची नक्कल’ असे लिहिणारा एकाच वेळी दोन चुका करतो. चिनी अभियंत्यांनी केलेले काम तो नाकारतो, आणि जी क्षमता त्या यंत्रात नाही ती त्याला बहाल करतो.

विंग लूंग-२ च्या बाबतीत मात्र पट्टी हात टेकते. पंखविस्तार २०.५ मीटर, लांबी ११ मीटर, गुणोत्तर रीपरचेच. तिथे फरक कळतो तो इंजिनात आणि उंचीत. रीपर सुमारे १५ किलोमीटर उंची गाठू शकतो, विंग लूंग-२ ची मर्यादा १० किलोमीटरच्या आत आहे.

ओळख पटवण्याची याहून सोपी प्रकरणेही आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये जपानच्या विमानांनी पूर्व चीन समुद्रावर एका अनोळखी ड्रोनचे छायाचित्र घेतले. त्याची शेपटी दोन दांड्यांवर होती आणि प्रोपेलर मागे, त्यावरून तो बीझेडके-००५ म्हणून ओळखला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथेच दिसलेल्या टीबी-००१ लाही दोन दांड्या आहेत, पण त्याच्या पंखांवर दोन इंजिने आहेत. इंजिने मोजली की काम झाले.

चीनमध्ये चोरी होत नाही, असा याचा अर्थ नाही. अमेरिकी लष्करी विमानांची माहिती संगणकांतून चोरण्याच्या कटात सामील असल्याचे एका चिनी व्यावसायिकाने २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केले. पण तो पुरावा न्यायालयातला आहे, शेपटीच्या आकारातला नव्हे.

याच संदर्भात जीजे-११ हा बिनशेपटीचा, सपाट पंखासारखा ड्रोन पाहण्यासारखा आहे. त्याला अमेरिकेच्या एक्स-४७बी ची नक्कल म्हणतात. एक्स-४७बी २०११ मध्ये उडाला तेव्हा त्याच्या इंजिनाचे मागचे तोंड झाकलेले होते, कारण उघडे तोंड रडारला सहज दिसते. चिनी नमुना नोव्हेंबर २०१३ मध्ये उडाला तो मागचे गोल तोंड सरळ उघडे ठेवून. नक्कलच करायची तर हे सर्वांना दिसणारे उत्तर का उतरवले नाही? बहुधा झाकलेल्या तोंडातून तापलेला वायू कसा वाहून न्यायचा हे तेव्हा सुटलेले नव्हते, आणि ते छायाचित्रावरून उतरवता येत नाही. १ ऑक्टोबर २०१९ च्या बीजिंगमधील संचलनात जीजे-११ ट्रकवरून नेला गेला, तेव्हा ते तोंड झाकलेले होते.