ऐकू येणे आणि कळणे : आर.ई.एम.च्या ‘इपॉनिमस’विषयी

‘निवडक’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. एखाद्या कवीची निवडक कविता, एखाद्या लेखकाच्या निवडक कथा अशी पुस्तके आपल्या घरच्या फडताळात असतातच. त्यांचा लाभ उघड आहे. ज्याला समग्र वाचण्याची सवड नाही, त्याला थोडक्यात पुष्कळ हाती लागते. परंतु निवड करणारा हात काही न बोलताही बरेच बोलून जातो. काय घेतले, काय वगळले आणि कोणत्या क्रमाने मांडले, एवढ्यावरून तो मूळ लेखकाचे एक चरित्रच लिहितो आणि वाचक तेच खरे चरित्र मानून चालतो. संगीतातही हेच घडते. १९८८ साली निघालेला ‘इपॉनिमस’ हा आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा गीतसंग्रह आणि त्यावरून श्रोत्यांत पडलेले मतभेद हे याचे बोलके उदाहरण आहे. त्या मतभेदांचा विचार येथे करावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम या बँडची ओळख. जॉर्जिया राज्यातील अथेन्स हे विद्यापीठाचे गाव. तेथे गायक मायकेल स्टाइप, गिटारवादक पीटर बक, बेसवादक माइक मिल्स आणि ड्रमवादक बिल बेरी हे चार तरुण एकत्र आले. ५ एप्रिल १९८० रोजी सेंट मेरीज या एपिस्कोपल पंथाच्या, उपासनेसाठी वापरात नसलेल्या चर्चवास्तूत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्या वर्षी ईस्टर ६ एप्रिलला होता, म्हणजे तो दिवस पवित्र शनिवारचा होता. यात कोणी दैवी संकेत शोधू नये. निमित्त एका वाढदिवसाचे होते. पुढे १९९० मध्ये ती वास्तू पाडण्यात आली आणि मनोरा तेवढा उरला. बँडचे नाव शब्दकोशातून उचललेले. झोपेत स्वप्ने पडत असताना डोळ्यांची जी जलद हालचाल होते, तिच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे. हे नाव त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांना शोभलेही, कारण ती गाणी अर्धवट आठवणाऱ्या स्वप्नासारखीच होती.

१९८१ मध्ये हिब-टोन या छोट्या कंपनीने त्यांचे ‘रेडिओ फ्री युरोप’ हे पहिले गाणे काढले. त्यानंतर ते आय.आर.एस. या कंपनीकडे गेले. १९८२ ची ‘क्रॉनिक टाउन’ ही छोटी ध्वनिमुद्रिका आणि मग वर्षाला एक याप्रमाणे ‘मर्मर’ (१९८३), ‘रेकनिंग’ (१९८४), ‘फेबल्स ऑफ द रीकन्स्ट्रक्शन’ (१९८५), ‘लाइफ्स रिच पॅजंट’ (१९८६) आणि ‘डॉक्युमेंट’ (१९८७) असे पाच अल्बम निघाले. मोठ्या नभोवाणी केंद्रांनी प्रारंभी त्यांची फारशी दखल घेतली नाही. महाविद्यालयांतील विद्यार्थी चालवत असलेल्या छोट्या केंद्रांनी त्यांना वाढवले. ज्याला पुढे ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ हे नाव पडले, त्या प्रवाहाच्या उगमाशी हा बँड उभा आहे. १९८८ मध्ये त्यांनी वॉर्नर या बलाढ्य कंपनीशी करार केला. नवा अल्बम नोव्हेंबरमध्ये यायचा होता; त्याच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, आय.आर.एस.ने मागील वर्षांतील बारा गाणी निवडून ‘इपॉनिमस’ बाजारात आणला. कलावंताच्या स्वतःच्या नावाने निघालेल्या अल्बमला इंग्रजीत जे विशेषण लावतात, तेच येथे शीर्षक म्हणून वापरले आहे. थट्टा छान आहे. नाव आहे आणि नाहीही.

या संग्रहाविषयी श्रोत्यांची मते मुख्यतः तीन प्रकारची आढळतात. पहिला पक्ष म्हणतो, हा निव्वळ धंदा आहे. हातचे गिऱ्हाईक निघून जाताना दुकानदाराने केलेली शेवटची वसुली. दुसरा पक्ष म्हणतो, आम्हांला हा बँड भेटला तो याच दारातून. हा संग्रह नसता तर मागची गाणी आमच्या कानी पडलीच नसती. तिसरा पक्ष जुन्या चाहत्यांचा. ज्या गूढतेसाठी आम्ही या बँडवर प्रेम केले, तीच या निवडीत हरवली, अशी त्यांची तक्रार आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे खोटे नाही. प्रकाशनाची वेळच पुरेशी बोलकी आहे. शिवाय काही गाणी मुद्दाम निराळ्या रूपात दिली आहेत. ‘गार्डनिंग अॅट नाइट’ वेगळ्या, अधिक उघड्या आवाजात आहे, ‘फायनेस्ट वर्कसाँग’ला तुताऱ्यांची जोड दिली आहे, आणि ‘रोमान्स’ हे गाणे पूर्वी केवळ ‘मेड इन हेवन’ (१९८७) या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत होते. म्हणजे ज्याच्याकडे सर्व अल्बम आहेत, त्यालाही हा विकत घ्यावासा वाटावा अशी ही योजना. मात्र याच व्यापारी चातुर्याने एक मोलाची गोष्ट वाचवली. ‘रेडिओ फ्री युरोप’ हे गाणे ‘मर्मर’साठी पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते, ते संथ आणि घोटीव आहे. हिब-टोनचे मूळ रूप वेगवान, ओबडधोबड आणि धगधगते. ‘इपॉनिमस’ने हे मूळ रूप प्रारंभी ठेवले आणि दुर्मीळ झालेली वस्तू सर्वांच्या हाती दिली. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २००९ सालच्या यादीत हे गाणे घेतले, तेही याच मूळ रूपात. हेतू मिश्र असला तरी फळ गोड निघू शकते, हे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या पक्षाशी भांडण्याचे कारणच नाही. कलेच्या मळ्यात अकराव्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळते. पहाटेपासून राबणाऱ्यांनी त्यावरून कुरकुर करावी हे मानवी आहे, पण योग्य नाही. आधी ऐकले म्हणून गाणे कोणाच्या मालकीचे होत नाही.

खरा विचार करायला लावतो तो तिसरा पक्ष. त्यांच्या तक्रारीचा आधार मोजता येतो. बारा गाण्यांपैकी तीन ‘डॉक्युमेंट’मधली आहेत, ‘मर्मर’मधले त्याच रूपात घेतलेले गाणे एकच, ‘टॉक अबाउट द पॅशन’. ज्या ‘मर्मर’ला ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने १९८३ चा सर्वोत्तम अल्बम ठरवले, आणि तेही मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ मैदानात असताना, त्याच्या वाट्याला इतकीच जागा. ‘परफेक्ट सर्कल’सारखे हृदयस्पर्शी गीत वगळले गेले. त्यातही अधिक परिणाम करतो तो क्रम. गाणी बहुतांशी कालानुक्रमे मांडली आहेत. आरंभी स्टाइप यांचे शब्द गिटारच्या नादात बुडालेले असतात; तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखे. १९८६ च्या अल्बमला डॉन गेमन हे निर्माते लाभले आणि त्यांनी स्पष्ट उच्चारांचा आग्रह धरला. ‘डॉक्युमेंट’पर्यंत येता येता शब्द न् शब्द ऐकू येऊ लागतो आणि लोकप्रियताही दारी येते. सलग ऐकणाऱ्याची सहज समजूत होते की हा अंधारातून उजेडाकडे झालेला प्रवास आहे. आधीचे सारे नंतरच्या यशाची पूर्वतयारी होती, आणि अस्पष्टता हा तरुणपणी लागलेला व पुढे बरा झालेला एक आजार होता.

ही समजूत आम्हांला मान्य नाही. तिला खोटे पाडणारा पुरावा याच संग्रहात आहे. ‘द वन आय लव्ह’ हे या बारांतील सर्वांत यशस्वी गीत. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत ते १९८७ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यातील शब्द थोडे आहेत आणि लख्ख ऐकू येतात. तरीही असंख्य श्रोत्यांनी ते प्रेमगीत समजून आपल्या प्रियजनांना अर्पण केले. वस्तुतः ते क्रूर गीत आहे. त्यातला ‘मी’ मागे सोडून दिलेल्या व्यक्तीला वेळ घालवण्याचे साधन ठरवतो, आणि अखेरीस तिच्या जागी दुसरे साधन आलेले असते. माणसांचा वापर करून त्यांना टाकून देण्याविषयीचे हे गाणे लोकांनी वाढदिवसाच्या भेटीसारखे वाटले. ज्या गीतातील प्रत्येक शब्द ऐकू आला, त्याचाच सर्वाधिक गैरसमज झाला.

आता दुसरे टोक पाहावे. ‘टॉक अबाउट द पॅशन’मधील शब्द तुटक आहेत, मध्येच फ्रेंच शब्द येतात, वाक्ये पुरी होत नाहीत. ते भुकेविषयीचे गीत आहे, हे शब्दांवरून सहज सांगता यायचे नाही. परंतु चेलो या तंतुवाद्याचा गंभीर स्वर आणि गायकाच्या कंठातील थकवा ऐकून कोणीतरी कोणाचे तरी दुःख वाहत आहे, एवढे कळायला वेळ लागत नाही. ‘पॅशन’ म्हणजे उत्कट भावना. आणि आपण ख्रिस्ती माणसे जाणतो की ‘पॅशन’ म्हणजे प्रभूचे दुःखसहनही. ही दोन्ही अर्थवलये त्या गीतात एकमेकांना स्पर्श करतात. ‘इपॉनिमस’च्या निमित्ताने १९८८ मध्ये जेम कोहेन यांनी या गीताचा चित्रफितीचा आविष्कार केला. त्यात बेघर माणसांचे चेहरे आणि एक अजस्र युद्धनौका समोरासमोर ठेवली आहे. पाच वर्षांपूर्वी पुटपुटलेल्या गीताचा गाभा किती पक्का होता, हे ती पाहताना पटते.

आपल्या वाचकांना याची प्रचीती घरातूनच मिळेल. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपूर्वी आपल्या आजी-आजोबांनी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. बहुतेकांना त्या भाषेचे व्याकरण ठाऊक नव्हते. म्हणून त्यांची प्रार्थना पोकळ होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? पुढे उपासना मराठीत आली हे मोठेच वरदान आहे, आणि ते परत करावे असे आम्ही चुकूनही सुचवणार नाही. मात्र मायबोलीतले शब्द कानावर पडतात म्हणून ते अंतःकरणातही पोहोचतात, असे गृहीत धरता येत नाही. शब्द स्पष्ट झाले की ऐकणाऱ्याचे काम संपत नाही; तेथून ते सुरू होते. अस्पष्ट गाणे श्रोत्याला जवळ यायला, कान द्यायला भाग पाडते. स्पष्ट गाणे त्याला निर्धास्त करते, आणि निर्धास्त कान फसतात.

म्हणून जुन्या चाहत्यांच्या दुःखाशी आम्ही सहमत आहोत, त्यांच्या निष्कर्षाशी नाही. ‘डॉक्युमेंट’मधील स्पष्टता ही घसरण नव्हे. संग्रहाच्या शेवटी येणारे, जगबुडीचे हसतखेळत वर्णन करणारे गीत शब्दांचा असा मारा करते की सारे ऐकू येऊनही अर्थासाठी धावावे लागते. आम्ही ‘इपॉनिमस’ला दोष देतो तो एवढाच की, दोन निरनिराळ्या सामर्थ्यांना त्याने एकाच जिन्याच्या पायऱ्या बनवले. २००६ मध्ये आय.आर.एस.च्या काळातील गाण्यांचा ‘अँड आय फील फाइन’ हा नवा संग्रह निघाला. त्यात ‘परफेक्ट सर्कल’ला स्थान मिळाले आणि कालक्रमही सोडला. आरंभच १९८६ च्या गाण्याने होतो. पायऱ्यांचा भास त्यामुळे पुष्कळसा मावळतो. समग्रतेच्या दृष्टीने तो संग्रह सरस. परंतु अवघ्या बारा गाण्यांत बँडची चढती उमर दाखवण्याचे ‘इपॉनिमस’चे कसब त्यात नाही, हेही नोंदवले पाहिजे.

बिल बेरी १९९७ मध्ये बँडमधून बाहेर पडले आणि २०११ मध्ये आर.ई.एम.ने आपला प्रवास थांबवला. एकेका बँडच्या गाण्यांची निवड आता फोनमधील यंत्रणाही करते आणि कशामागून काय ऐकायचे हेही तीच ठरवते. आय.आर.एस.च्या निवडीमागचा स्वार्थ निदान ओळखता येत होता. अशा वेळी ऐकणाऱ्याने एक साधी शिस्त पाळावी. ‘इपॉनिमस’ ऐकावा, मग ‘मर्मर’ आरंभापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐकावा, आणि त्यानंतर ‘द वन आय लव्ह’कडे परत यावे. त्या गाण्यातला थंडपणा तेव्हा अंगावर येईल.

आणि एक विनंती घरच्या वडीलधाऱ्यांना. मुलांच्या खोलीतून येणाऱ्या गाण्याविषयी आपली नेहमीची तक्रार असते, “हे काय गातात, एक शब्द कळत नाही!” तक्रार खरी असेल. पण शब्द न कळणे हा गाण्याविरुद्ध पुरावा होत नाही, आणि शब्द कळणे ही त्याच्या चांगुलपणाची हमी नव्हे. मुलाला त्या गाण्यात काय ऐकू येते, हे एकदा त्याच्याजवळ बसून विचारावे. कदाचित त्यालाही नीट सांगता येणार नाही. तरी त्या अडखळत्या उत्तराला कान द्यावा. गाण्यापेक्षा अधिक काही त्यातून कळेल.