आधी बंध, मग विश्वास

वेअरवुल्फच्या प्रेमकथेत नायिका पहिल्या पानावर येते तीच कुणीतरी मोडलेली. लांडगा बनवणारा चावा मर्जीविरुद्ध घेतलेला, टोळीने छळलेलं, घर सुटलेलं. मंद आचेच्या, म्हणजे प्रेम सावकाश फुलणाऱ्या कथेत तिला सावरायला शेकडो पानं मिळतात. पण याच कथाप्रकाराने एक पळवाटही करून ठेवली आहे: नियतीने ठरवलेला जोडीदार. लांडग्याने वासावरून ओळखलं की प्रश्न मिटला! म्हणून अशी कादंबरी हाती आली की मी एवढंच बघतो: बंध जुळला म्हणून जखमही भरली का?

पॅट्रिशिया ब्रिग्जच्या 'क्राय वुल्फ'मध्ये (2008) ती भरत नाही. शिकागोच्या टोळीने ॲनाला तीन वर्षं छळलं आणि तू सगळ्यांत खालची, असं तिच्या मनावर बिंबवलं. प्रत्यक्षात ती 'ओमेगा', म्हणजे उतरंडीच्या बाहेरची. तिच्या नुसत्या असण्याने इतर लांडगे निवतात. मोंटानाच्या चार्ल्स या वेअरवुल्फला तिच्यातली लांडगी तत्काळ आपलं म्हणते. तिच्यातली बाई मात्र पुरुष रागावला की दचकते. एकाच देहात दोन वेग ठेवण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. विश्वास बसला तरी भीती जात नाही, हे वास्तववादी कादंबरीला इतक्या सहज दाखवता आलं नसतं.

ब्रिग्जच्याच 'आयर्न किस्ड'मध्ये नायिका मर्सीवर बलात्कार होतो आणि अत्याचारी तिच्याच हातून मरतो. दुसरी लेखिका इथे हिशेब मिटवून मोकळी झाली असती. पुढच्या 'बोन क्रॉस्ड'मध्ये (2009) मर्सीला भीतीचे झटके येतच राहतात आणि ॲडम या टोळीप्रमुखाला थांबायला शिकावं लागतं.

केली आर्मस्ट्राँगच्या 'बिटन'चं (2001) दुखणं वेगळं. एलेनाला चावणारा तिचा प्रियकर क्लेच असतो. तिचा संताप खणखणीत लिहिलेला आहे. तिचं त्याच्याकडे परतणं मला अजून पचलेलं नाही.

या कथांमधला टोळीवर हुकूम गाजवणारा 'अल्फा' पुष्कळसा पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आला. डेव्हिड मेक या अभ्यासकाने 1999मध्ये मांडलं, की रानातली टोळी बहुधा आईबाप आणि पिल्लांचं कुटुंब असते. टी. जे. क्लूनची 'वुल्फसाँग' (2016) या कुटुंबाच्या जवळ जाते. अपहरणानंतर मुका झालेला जो नावाचा मुलगा, ऑक्स हा दुसरा मुलगा भेटताच बोलू लागतो. प्रसंग गोड आहे, पण वर्षांचं काम एका भेटीत उरकतो. पुढे दोघांच्या प्रेमाला मात्र क्लून खरोखरच वर्षं देतो, म्हणून मी तक्रार आवरती घेतो.

मोबाइलवर भागाभागाने विकल्या जाणाऱ्या मालिकांत 'नाकारलेली जोडीदार' हा साचा जोरात आहे. भर सभेत अल्फा तिला झिडकारतो, अपमान भागामागून भाग पुरवला जातो, आणि दुसरा, अधिक बलवान अल्फा आला की ती परिच्छेदभरात बरी होते. आच मंद असते ती फक्त छळाची.