दहा गाइड, एकच सॅम्पल : मेक्सिको सिटीत राहायचं कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, मेक्सिको सिटीला सहा महिने जायचं जमतंय, उनामच्या लॅबने होकार दिलाय. राहू कुठे? दहा गाइड वाचले. सगळ्यांचं एकमत आहे : रोमा नॉर्ते, कोंदेसा, पोलांको, नाहीतर कोयोआकान. रोमातल्या एका खोलीचं डिपॉझिट उद्या भरतेय, ठीक ना?"

मी लिहिलं, "दोन दिवस थांब." त्या दोन दिवसांत तिला जे पाठवलं, तेच जरा नीट लिहून इथे देतेय. तुमच्यापैकी फार थोडे मेक्सिकोला जातील, पण लिटरेचर रिव्ह्यू सगळ्यांनाच करायचाय, आणि घोळ दोन्हीकडे सारखाच होतो.

आधीच सांगते, इथे 'गाइड' म्हणजे प्रवासाची माहिती देणारी पानं आणि पुस्तकं. आपले पीएच.डी.चे गाइड नव्हेत. त्यांच्यावर लिहायचं धाडस थिसिस सबमिट झाल्यावर!

दहा म्हणजे खरंच दहा का?

२०२२ मध्ये मी त्याच विद्यापीठात तीन महिने होते. जाण्याआधी मीही असेच गाइड वाचले, आणि एकमत पाहून रोमा नॉर्तेत खोली घेतली. परत आल्यावर ते गाइड पुन्हा काढून शेजारीशेजारी ठेवले. त्याच वसाहती, बऱ्याचदा त्याच क्रमाने. तीच बाग, तोच रविवारचा बाजार, "इथे जाऊ नका"च्या यादीतही तीच नावं. लिहिणारे बहुतेक काही आठवडे किंवा काही महिने राहून गेलेले, इंग्रजीत लिहिणारे, आणि येण्याआधी आधीचे गाइड वाचून त्याच वसाहतींत उतरलेले. म्हणजे निरीक्षणं दहा असतील, पण सॅम्पल एकच. पहिल्याने जिथे पाहिलं तिथेच पुढच्या नऊ जणांनी पाहिलं.

हसू नका, मी माझ्या विषयातही हेच केलंय. पहिल्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये एका आकड्यासाठी मी पाच पेपरांचा संदर्भ दिला होता. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "हे पाच पेपर आहेत की एक?" घरी येऊन पाहिलं तर पाचही जणांनी तो आकडा एकाच जुन्या पेपरातून उचललेला. मोजणारा एकच, बाकीचे चौघे उतरवून घेणारे. तेव्हापासून एकमत दिसलं की आधी विचारते : हे लोक एकमेकांना न वाचता इथे पोचले का?

'सुरक्षित' म्हणजे मोजलं काय?

गाइडमध्ये सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द 'सुरक्षित'. त्याचा अर्थ तिथे एकच असतो : चोरी, लुटमार, रात्री एकटं चालणं. मी मुलगी आहे, एकटी गेले होते, त्यामुळे हा निकष मी हलका मानत नाही. पण निकष एकच आहे, हे गाइड सांगत नाहीत.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे, आणि तिचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या तळावर उभा आहे. तळं आटवलं, खाली ओली, मऊ चिकणमाती राहिली. त्यातलं पाणी शहर वर्षानुवर्षं उपसतंय, त्यामुळे जमीन खचतेय. हे बघायला यंत्र लागत नाही. पासेओ दे ला रेफोर्मा रस्त्यावरचा स्वातंत्र्यदेवतेचा स्तंभ १९१०चा. खोल पायामुळे तो जागच्या जागी राहिला आणि भोवतालची जमीन खाली गेली, म्हणून पुढे त्याला १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. गाइड सांगतात, इथे फोटो काढा. जरूर काढा, पण पायऱ्यांचाही काढा.

आता भूकंप. १९ सप्टेंबर १९८५च्या भूकंपाचं केंद्र पॅसिफिक किनाऱ्याजवळ, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. तरी शहरात हजारो माणसं गेली. विद्यापीठाच्या आवारात जमिनीचं कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साधारण ३ ते ४ टक्के नोंदलं गेलं. त्याच शहरात, तळ्याच्या भागातल्या एका केंद्रावर सुमारे १७ टक्के. शहर एक, भूकंप एक, आणि फरक चार-पाच पटींचा! कारण जमीन. विद्यापीठाचा परिसर शित्ले ज्वालामुखीच्या लाव्हावर आहे, म्हणजे कठीण खडकावर. तळ्याची माती मात्र ताटातल्या खरवसासारखी. ताटाला जरा धक्का द्या, ताट थांबतं पण खरवस हलत राहतो. त्या केंद्राजवळची माती साधारण दोन सेकंदांना एक झोका या गतीने हलत होती, आणि साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींशी हा झोका जुळला. बारावीत शिकलेला रेझोनन्स तो हाच.

रोमा आणि कोंदेसा या तळ्याच्या बाजूला येतात. २०१७चा भूकंप, तोही १९ सप्टेंबरलाच, शहराच्या बराच जवळ झाला. शहरात २२८ माणसं गेली. रोमातल्या आल्वारो ओब्रेगोन रस्त्यावर ऑफिसांची एक इमारत कोसळली, तिथे ४९ जण दगावले. गाइडमध्ये हाच रस्ता 'संध्याकाळी फिरायला छान' म्हणून येतो. खरंच छान आहे, मी रोज फिरायचे. पण 'सुरक्षित' या शब्दाखाली यातलं काहीच मोजलेलं नव्हतं.

माझ्या तीन महिन्यांतही भूकंप झाले. १९ सप्टेंबर २०२२ला दुपारी १२:१९ला देशभर सराव झाला. तासाभराच्या आत, १:०५ला, खरा भोंगा वाजला, ७.७ तीव्रतेचा. मी विद्यापीठात होते. मैदानात जमलो, दिव्याचे खांब हलताना दिसले, थोड्या वेळाने परत आत गेलो. तीन दिवसांनी रात्री सव्वाच्या सुमाराला पुन्हा भोंगा. हा भूकंप आधीच्यापेक्षा लहान होता, पण मी रोमातल्या चौथ्या मजल्यावर होते. जिना उतरताना भिंत धरली तर भिंतच सरकत होती. खाली रस्त्यावर शेजारच्या आजी रात्रीच्या गाउनवर, कुत्र्याला कवटाळून उभ्या. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि १९८५मध्ये त्या कुठे होत्या ते सांगू लागल्या. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये निम्मंच कळलं.

यावरून "खडकावर कमी, मातीवर जास्त" हे मी सिद्ध केलं, असं म्हणू नका. एकदा मी मैदानात होते, एकदा चौथ्या मजल्यावर. एकदा दिवस, एकदा झोपेतून उठून. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या की तुलना बाद. पुरावा आहे तो १९८५च्या नोंदींचा. माझ्या अनुभवाने एवढंच झालं, की त्या नोंदी मी उघडून वाचल्या.

सरासरीत कोण हरवलं?

"इस्तापालापा टाळा" असं गाइड एका ओळीत सांगतात. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९२ लाख, त्यातली इस्तापालापाची १८ लाखांवर. म्हणजे शहराचा पाचवा हिस्सा एका ओळीत बाद. शहराच्या १६ विभागांपैकी तो एक, आणि त्यात कितीतरी वसाहती एकमेकींसारख्या नाहीत. विभागाची सरासरी एका गल्लीवर चिकटवणं ही चूक आपण कुणाच्या पेपरात पाहिली तर लाल पेनाने गोल करू.

उलट टोकाचं उदाहरण रोमाचंच. रोमा आणि दोक्तोरेस यांच्यामध्ये एक हमरस्ता आहे, आवेनिदा क्वाउतेमोक. अलीकडची वसाहत 'राहा'च्या यादीत, पलीकडची 'जाऊ नका'च्या. विभाग दोन्हींचा एकच, खालची मातीही तळ्याचीच. रस्ता ओलांडल्यावर काहीच बदलत नाही असं नाही. भाडं बदलतं, वर्दळ बदलते, रात्रीचं वातावरण बदलतं. पण जे बदलत नाही त्याची नोंद गाइडमध्ये कुठेच नाही.

आणि मोजणारा कोण?

हा भाग लिहायला मला अवघड जातोय. गाइडमध्ये रोमा 'स्वस्त' असते. कुणासाठी? डॉलरमध्ये कमावणाऱ्यासाठी. माझ्या लॅबमधली एक मुलगी रोज दीड-दोन तास प्रवास करून यायची. माझं भाडं ऐकून ती काही बोलली नाही, फक्त तिच्या आईवडिलांच्या अख्ख्या घराचं भाडं किती ते तिने सांगितलं. माझ्या खोलीपेक्षा कमी होतं.

मी तिथे असतानाच, ऑक्टोबर २०२२मध्ये, शहर सरकारने युनेस्को आणि एअरबीएनबीबरोबर करार जाहीर केला : परदेशातून ऑनलाइन काम करणाऱ्यांनी इथे येऊन राहावं म्हणून. ४ जुलै २०२५ला त्याच रोमा-कोंदेसा भागात, वाढलेल्या भाड्यांमुळे घरं सोडावी लागणाऱ्यांच्या बाजूने मोर्चा निघाला आणि काही दुकानांच्या काचा फुटल्या. मधल्या काळात भाडं वाढवणाऱ्यांत तीन महिने मीही होते. फेलोशिपवरची, हिशोब लिहून ठेवणारी, पण होतेच. निरीक्षकामुळे निरीक्षण बदलतं, हे आपण परीक्षेत लिहितो. इथे गाइड वाचून आलेल्यांमुळे ती वसाहतच बदलली, आणि गाइड मात्र अजून जुन्याच वसाहतीचं वर्णन करतात.

मग गाइड वाचायचेच नाहीत?

वाचा. चार दिवसांसाठी जाणाऱ्याला ते चांगला सल्ला देतात. रोमा-कोंदेसात पायी फिरता येतं, चापुल्तेपेकचं उद्यान आणि मानववंशशास्त्र संग्रहालय तिथून जवळ आहे. चार दिवसांच्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. आपण ते सहा महिन्यांच्या प्रश्नाला लावतो, ही चूक आपली.

त्यांच्या जोडीला हुआन वियोरो यांचं 'एल वेर्तिगो ओरिसोन्ताल' वाचा. मूळ स्पॅनिश २०१८चं, इंग्रजी अनुवाद २०२१चा. वियोरो याच शहरात जन्मले. प्रकरणांचे विषयवार गट आहेत, कुठूनही आत शिरता येतं, आणि वसाहतींना गुण देण्याचा उद्योग नाही. भूकंप, गर्दी, वाट बघणं, सरकारी कचेऱ्या, हे सगळं शहरात राहण्याचा भाग म्हणून येतं. त्याची मर्यादाही लक्षात ठेवा. हे एका लेखकाचं, एका पुरुषाचं, एका आयुष्यभराचं शहर आहे. सॅम्पल खोल, पण पुन्हा एकच. मला त्यातून खोली कुठे घ्यायची ते कळलं नाही. काय काय विचारायला हवं होतं, ते कळलं.

आणि विचारायचं कुणाला? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि शहराच्या पूर्वेला चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं, आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या करण्यात त्यांचा हात होता. वर्ग सोडून शेतात, ज्याला रोज त्या जमिनीशी काम पडतं त्याच्याकडे जाणं, ही पद्धत आपल्यालाही जमण्यासारखी आहे.

मी हे तिसऱ्या महिन्यात केलं. लॅबमधल्या मुलांना विचारलं, तुम्ही कुठे राहता? एकदम नवी नावं आली. त्यातलं एक सांतो दोमिंगो, विद्यापीठाला लागूनच. १९७१मध्ये गरीब कुटुंबांनी लाव्हाच्या ओसाड खडकावर ताबा घेऊन, हातांनी दगड फोडून वसवलेली वसाहत. जमीन कठीण, भाडं कमी, वर्ग चालत. गाइडमध्ये मला तिचं नाव सापडलं नव्हतं. पण तीच मुलं हेही म्हणाली, की काही गल्ल्यांत रात्री एकटीने फिरू नकोस. म्हणजे बरोबर उत्तर 'सांतो दोमिंगो' आहे, असं समजू नका. एक यादी फाडून दुसरी डोळे मिटून घ्यायची नाही.

ज्युनिअरला शेवटी चार प्रश्न पाठवले. इमारत कोणत्या भूकंप-झोनमध्ये आहे, खडक, मधला पट्टा की तळं? बांधकाम १९८५नंतर कडक झालेल्या नियमांनुसारचं आहे का? नळाला पाणी रोज येतं की टँकर मागवतात? आणि लॅबमधून रात्री आठला निघालीस तर दारापर्यंत कशी पोचशील? हे गाइडला विचारू नकोस. त्या वसाहतीत राहणाऱ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांना विचार.

तिचं उत्तर आलं : "दोघी मिळाल्यात, तिसरं कुणी शोधतेय. डिपॉझिट थांबवलंय."

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमधलं असं एक वाक्य काढा, ज्याच्या शेवटी तीनपेक्षा जास्त संदर्भ आहेत. ते सगळे पेपर उघडा आणि तो आकडा प्रत्यक्ष मोजणारे किती, ते मोजा. जे निघेल ते खाली लिहा. एकच निघाला तरी लिहा, माझाही एकच निघाला होता.