आरसा, कल्हई आणि थर : परावर्तनविषयक मराठी शब्दांची चिकित्सा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय तरंगांची जी वेधशाळा उभारली जावयाची आहे, तिच्याविषयीचा एक इंग्रजी उतारा मी पदव्युत्तर वर्गाला भाषांतरासाठी दिला होता. बहुतेक उत्तरपत्रिकांत एक वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत आढळले : ‘आरशावर विशिष्ट द्रव्यांचा लेप लावलेला असतो.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते मुळातच चुकलेले आहे. या चुकीचा दोष विद्यार्थ्यांकडे फारसा जात नाही, कारण ती आपल्या परिभाषेनेच त्यांच्या हाती दिलेली आहे. म्हणून तिची थोडी चिकित्सा करावी असे वाटते.

‘आरशावर लेप’ या शब्दयोजनेत ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय एक गोष्ट गृहीत धरते : आरसा आधी आहे आणि लेप मागून आला आहे. भिंत आधी असते, मग ती सारवली जाते. परंतु लेसर-यंत्रणेत वापरल्या जाणाऱ्या आरशाची घटना नेमकी उलटी आहे. तेथे आधी असते ती केवळ गुळगुळीत केलेली काच. आणि शुद्ध सिलिकेची अशी काच तिच्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी एका पृष्ठावर जेमतेम साडेतीन टक्के प्रकाश परत पाठविते. तिला आरसा म्हणणे म्हणजे खिडकीच्या तावदानाला आरसा म्हणणे होय. तिच्यावर कमी आणि अधिक अपवर्तनांकाच्या दोन द्रव्यांचे पातळ थर आळीपाळीने बसविले जातात. प्रत्येक थराची जाडी अशी ठेवतात की त्या द्रव्यातील प्रकाशाच्या तरंगलांबीचा ती चौथा हिस्सा भरावी. प्रत्येक सीमेवरून उलटणारा प्रकाश थोडाच असतो. पण हे सारे परतलेले तरंग समकला होऊन एकमेकांस मिळतात आणि त्या बेरजेतून परावर्तन घडते. यातील एकही थर स्वतः चकाकणारा नसतो. दोन्ही द्रव्ये पारदर्शक, काचही पारदर्शक. आरसा आहे तो त्यांच्या रचनेत. तेव्हा येथे लेप आरशावर नसून लेप हाच आरसा आहे.

औंढ्याच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा लोहमार्ग वाशीमवरून हिंगोलीस जातो; त्या अर्थी ही वेधशाळा वऱ्हाडच्या उंबरठ्यावरच येत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 एप्रिल 2023 रोजी तिच्यासाठी 2600 कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. अमेरिकेतील ज्या दोन वेधशाळांच्या धर्तीवर ती उभी राहणार, त्यांच्या भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या आहेत, आणि भुजांच्या टोकांना टांगलेले आरसे 34 सेंटिमीटर व्यासाचे व 40 किलो वजनाचे आहेत. 14 सप्टेंबर 2015 रोजी त्यांनी जो पहिला गुरुत्वीय तरंग टिपला, त्याने भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा होता. तेथील लेसरची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर आहे. त्या हिशेबाने सिलिकेचा एक थर सुमारे 183 नॅनोमीटर जाडीचा येतो, आणि टँटॅलम ऑक्साइडमध्ये थोडे टायटॅनियम ऑक्साइड मिसळून केलेला दुसरा थर त्याहून पातळ. सर्व थर मिळून जाडी साधारण सहा मायक्रोमीटर. चाळीस किलोच्या त्या काचेचे आरसेपण या सहा मायक्रोमीटरांत साठविलेले आहे. त्यांनी शोषलेला प्रकाश दशलक्षांश एक भागाहूनही कमी ठेवावा लागतो. कारण भुजेत शेकडो किलोवॉट शक्तीचा प्रकाश खेळत असताना तेवढ्याशा शोषणानेही काच तापून तिचा आकार बिघडू लागतो. ज्या थरांची जाडी, संख्या व क्रम यांवर सारे अवलंबून आहे, त्यांना ‘लेप’ हा चंदनाच्या उटीचा शब्द लावणे कितपत सयुक्तिक?

आता शब्दांच्या इतिहासाकडे वळू. ‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’पासून प्राकृतमार्गे आलेला आहे. त्यात पाहण्याचा धातू आहे, वस्तूचा उल्लेख नाही. म्हणूनच वस्तू बदलत गेली तरी शब्द टिकला, आणि वस्तू बदलल्याचे आपल्या ध्यानातही आले नाही. यादवकालीन आरसा धातूचा होता. बेलूरच्या बाराव्या शतकातील मंदिरावरील दर्पणसुंदरीच्या हातात जो वाटोळा आरसा आहे, त्या जातीचा. केरळात अरन्मुळा येथे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे अद्यापि केले जातात. जुन्या मराठीत असा आरसा ‘उटला’ जातो, म्हणजे घासून स्वच्छ केला जातो. उटणे, ओप देणे, जिल्हई करणे ही सर्व क्रियापदे याच वस्तूच्या भोवतीची. पुढे काच आली. तिच्या पाठीला कथील व पारा यांचा थर देण्याची कला सोळाव्या शतकात व्हेनिसने नावारूपास आणली, आणि एकोणिसाव्या शतकात लीबिगच्या रासायनिक पद्धतीने पाऱ्याची जागा चांदीने घेतली. आपल्या बोलण्यात मात्र पारा राहिलाच. आरशाचा ‘पारा उडाला’ असे आपण अजूनही म्हणतो, आणि भांड्यांची ‘कल्हई’ आरशाच्या पाठीलाही चिकटली. वऱ्हाडी बोलीत ‘ऐना’ हा फारसी शब्दही सर्रास चालतो, तो बहुधा या काचेच्या आरशासच.

धातूचा आरसा आणि कल्हईचा आरसा यांतील भेद केवळ कारागिरीचा नाही. कल्हईच्या आरशावर बोटाचे टोक टेकवावे : बोट आणि त्याचे प्रतिबिंब यांमध्ये थोडे अंतर राहते, कारण परावर्तन पाठीमागच्या पृष्ठावर होते आणि मध्ये काचेची जाडी असते. धातूच्या आरशावर ते टोक प्रतिबिंबास जाऊन भिडते.

येथे मला स्वतःच्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे. ‘अमृतानुभव’ आणि ‘चांगदेव पासष्टी’ शिकविताना मुख आणि दर्पण यांचा दृष्टांत मी कित्येक वर्षे कल्हईच्या आरशाने समजावून दिला. काच म्हणजे शुद्ध स्वरूप, पाठीचा पारा म्हणजे अविद्या, आणि पाऱ्यावाचून प्रतिबिंब नाही, असे ते विवरण असे. विद्यार्थ्यांना ते आवडे. टिपणवह्यांतून ते पुढेही गेले असणार. परंतु ज्ञानदेवांच्या समोर तो आरसाच नव्हता. त्यांच्या आरशाला पाठ नाही, आड येणारी काच नाही. मळ बसतो तो समोरच्या पृष्ठावर, आणि उटले की नवे काही मिळत नाही, होते तेच दिसते. मुख आणि प्रतिमुख यांमध्ये अंतर न ठेवणारी वस्तू हाताशी असताना अद्वैताचा जो दृष्टांत उभा राहतो, त्यात मी तीनशे वर्षांनंतरची काच घुसडली आणि तिच्याबरोबर एक द्वैतही. रिद्धपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात जुने मराठी वाङ्मय शिकविणाऱ्याने तरी वस्तूंच्या इतिहासाबाबत इतके निष्काळजी असू नये.

अर्थात याच्या उलट दिशेचा मोहही टाळला पाहिजे. लेसरचा आरसाही समोरच्या पृष्ठावरूनच परावर्तन करतो, तेव्हा ज्ञानदेवांना तो ठाऊक होता, असे कोणी म्हणू लागेल तर ते हास्यास्पद ठरेल. धातूच्या आरशात धातू स्वतः प्रकाश परतवितो. थरांच्या आरशात प्रकाश स्वतःशीच मिळून परततो. साम्य पृष्ठाच्या जागेपुरते आहे.

‘लेप’ नको तर काय, हा प्रश्न उरतो. ‘मुलामा’ हा शब्द सोन्याचांदीच्या वर्खाला योग्य. पण त्यात आतून हलके नि बाहेरून भारी अशी फसवणुकीची छटा आहे. ‘जिल्हई’ व ‘ओप’ चकाकीचे शब्द आहेत, आणि तेथेच त्यांची अडचण होते. अमरावतीच्या कोणत्याही चष्म्याच्या दुकानात ज्याला नुसते ‘कोटिंग’ म्हणतात, ते याच तत्त्वावरचे. पण त्याचे काम परावर्तन मारण्याचे. जाडी आणि क्रम बदलला की तीच विद्या एका ठिकाणी आरसा घडविते आणि दुसऱ्या ठिकाणी मोडते. चकाकी मारणाऱ्या थराला जिल्हई कोण म्हणेल? ‘पुट’ हा शब्द मला आवडतो, कारण पुटे मोजता येतात. परंतु वैद्यकात त्याला भट्टीचा अर्थ चिकटलेला आहे. राहता राहिला ‘थर’. तो मोजता येतो, त्याला क्रम असतो, आणि तो ‘बसतो’. निर्वात पात्रात आयनांच्या माऱ्याने उडालेले कण काचेवर खरोखरच बसतात. त्यांना कोणी हाताने फासत नाही. ‘लेप’ हा शब्द टाकून द्यावा असे मात्र नाही. दुर्बिणीच्या ॲल्युमिनियमच्या आरशावर संरक्षणासाठी जे पातळ आवरण देतात, तेथे आरसा खरोखर आधी असतो आणि लेप मागून येतो. तेथे तो शब्द चपखल बसेल.

परिभाषेतील दुसरा गोंधळ येथे केवळ नोंदवितो. मराठी विश्वकोशात जे ‘प्रणमन’ आहे, ते शालेय पुस्तकात ‘अपवर्तन’ आहे. विश्वकोशाचे ‘प्रकीर्णन’ शाळेत ‘विकिरण’ होते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला अकोल्याचा विद्यार्थी विश्वकोश उघडतो तेव्हा आपलेच ज्ञान त्याला अनोळखी वाटते, आणि तो मुकाट्याने इंग्रजीकडे वळतो. यांतील कोणता शब्द श्रेष्ठ हा वाद मला गौण वाटतो. दोहोंपैकी एक टिकावा एवढे पुरे.

उत्तरपत्रिका परत देताना मी वर्गात वरील विवेचन थोडक्यात केले आणि ते वाक्य पुन्हा लिहावयास सांगितले. एका विद्यार्थिनीने शब्द फारसे न बदलता केवळ त्यांचे संबंध बदलले, आणि ते वाक्य मी तसेच स्वीकारले : ‘काचेवर थर बसवून आरसा केलेला असतो.’