कॅटेगरी बदलली की ट्रेंड बदलतो: ग्रॅमीच्या एका बंद झालेल्या पुरस्काराकडून काय शिकायचं?

संशोधनाला लागलात की कुणीतरी एक तयार तक्ता तुमच्या हातात ठेवतं आणि म्हणतं, "यातून ट्रेंड काढा." आज असाच एक तक्ता घेऊ, पण प्रयोगशाळेबाहेरचा.

अमेरिकेतल्या कंट्री संगीतासाठी ग्रॅमीत 'बेस्ट कंट्री कोलॅबोरेशन विथ व्होकल्स' नावाची एक कॅटेगरी होती. एरवी वेगवेगळे गाणारे कलाकार एखाद्या गाण्यापुरते एकत्र आले, तर त्यांच्यासाठी. १९८८ ते २०११ अशी २४ वर्षं ती चालली. पहिला मान केनी रॉजर्स आणि रॉनी मिलसॅप यांचा, शेवटचा झॅक ब्राउन बँड आणि ॲलन जॅक्सन यांचा. यादी सरळ दिसते ना? आता जरा खोलात जाऊ.

पहिली अडचण व्याख्येची. सुरुवातीला नावात 'ड्युएट' हा शब्द होता, 'कोलॅबोरेशन' नंतर आला. डॉली पार्टन, लिंडा रॉनस्टॅट आणि एमिलू हॅरिस या तिघींचं उदाहरण बघा. त्यांच्या 'ट्रायो' अल्बमला १९८८ मध्येच ग्रॅमी मिळालं, पण 'ड्युओ ऑर ग्रुप' या शेजारच्या कॅटेगरीत. त्याच तिघींना २००० मध्ये 'आफ्टर द गोल्ड रश'साठी पुन्हा मिळालं, तेव्हा मात्र कोलॅबोरेशनमध्ये. माणसं तीच, एकत्र येण्याची पद्धतही तीच, नोंद वेगळ्या रकान्यात. तुम्ही फक्त कोलॅबोरेशनची यादी मोजायला बसलात, तर १९८८ च्या या तिघी तुमच्या हातातून निसटतात.

दुसरं उदाहरण १९९० चं. विजेते हँक विल्यम्स ज्युनियर आणि त्यांचे वडील हँक विल्यम्स. वडील १ जानेवारी १९५३ लाच वारले होते. त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगवर मुलाने आपला आवाज चढवला. याला सहयोग म्हणायचं का? मला विचाराल तर गाणं म्हणून ते मनाला लागतं. पण दोघांनी एकमेकांचं ऐकून गाणं ही अट धरली, तर ते बसत नाही. इथे एकच कलाकार दुसऱ्याला उत्तर देतोय.

आता माझा मुख्य आक्षेप. २०११ मध्ये रेकॉर्डिंग अकादमीने कॅटेगऱ्या १०९ वरून ७८ वर आणल्या. त्यात कोलॅबोरेशन आणि ड्युओ-ग्रुप एकत्र करून 'बेस्ट कंट्री ड्युओ/ग्रुप परफॉर्मन्स' केलं. पुढची पाच वर्षं बघा: द सिव्हिल वॉर्स, लिटल बिग टाउन, पुन्हा द सिव्हिल वॉर्स, द बँड पेरी, पुन्हा लिटल बिग टाउन. सगळे कायमचे बँड किंवा कायमच्या जोड्या! बाहेरच्या कलाकाराला सोबत घेऊन झालेलं गाणं थेट २०१७ मध्ये जिंकलं, पेंटाटॉनिक्स आणि डॉली पार्टनचं 'जोलीन'.

मग कंट्रीतली एकत्र गाण्याची हौस आटली होती का? अजिबात नाही. २०१२ च्या नामांकनांतच जेसन आल्डीन आणि केली क्लार्कसन होते, केनी चेस्नी आणि ग्रेस पॉटरही होते. म्हणजे गाणी येत होती, विजेत्यांच्या यादीत दिसत नव्हती. पाच हा आकडा लहान आहे, त्यामुळे 'विलीनीकरणामुळेच असं झालं' असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण फक्त विजेते मोजून 'सहयोग संपला' असं लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल.

अकादमीच्या बाजूनेही बोलायला हवं. पुरस्कार फार झाले की त्यांचं वजन कमी होतं, हा मुद्दा मला पटतो. पण या दोन प्रकारांत ऐकायच्या गोष्टीच वेगळ्या आहेत. बँडमध्ये वर्षानुवर्षांच्या सरावाने जुळलेले आवाज असतात. लोरेटा लिन आणि जॅक व्हाइट यांच्या 'पोर्टलंड, ओरेगन'मध्ये (२००५ चं विजेतं) सत्तरी ओलांडलेली कंट्री गायिका आणि तिशीच्या आसपासचा रॉक गायक यांच्या आवाजांत अंतर आहे, आणि मजा त्या अंतरातच आहे. ॲलिसन क्राउसने ही कॅटेगरी पाचदा जिंकली, दर वेळी सोबतीला नवा आवाज घेऊन. ही कामगिरी स्वतंत्र रकाना होता म्हणूनच नीट दिसते. दोन्हींना एकाच फूटपट्टीने मोजणं मला चूक वाटतं.

तुमच्या स्वतःच्या तक्त्यावर बसण्याआधी तीन प्रश्न विचारा. रकान्याची व्याख्या मध्ये कधी बदलली? शेजारच्या रकान्यात काय गेलं? आणि निवड होण्याआधीची यादी मिळते का? शिवाय वर्ष कोणतं धरलंय तेही तपासा, कारण गाणं येतं एका वर्षी आणि समारंभ होतो बहुधा पुढच्या. इथली सगळी वर्षं समारंभाची आहेत. मी आलेख काढायला घेतला तेव्हा पहिल्या खेपेला दोन्ही प्रकारची वर्षं मिसळली होती, आणि सगळा आलेख पुन्हा काढावा लागला.